झोपलेली मुळं

फोरमनच्या जिभेला उभ्या आयुष्यात हाड नव्हतं. कारखान्यात कामगार त्याला टरकून असत, घरात सून. आता अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि खिडकीपाशी खुर्चीत बसून गॅलरीतल्या कुंड्या बघणं एवढंच काम उरलं.

कुंड्या त्याच्याच. एकदा लावायच्या आणि वर्षानुवर्षं खायच्या अशा भाज्यांचा नाद त्याने निवृत्तीनंतर लावून घेतला होता. थोडा पुदिना, बाकी सगळी शतावरी. शतावरीचे कोंब पहिली दोन वर्षं तोडायचे नसतात, मुळांचा गड्डा पोसू द्यायचा असतो. हा खादाड माणूस दोन वर्षं मन मारून बसला. थंडी सरली की पहिले कोंब त्याच्या ताटात पडणार होते. खरं सांगायचं तर आता तो त्याच आशेवर जगत होता.

गंमत म्हणजे या घरात शतावरी पहिल्यांदा आणली सुनेनं. नवी नवरी असताना, आईने बांधून दिलेली मुळं तिने डब्यांत लावली होती. थंडीत वरचं सगळं वाळलं, तरी ती घोटभर पाणी घालायची आणि म्हणायची, झोपलीयत, उठतील. फोरमनने भर पाहुण्यांत तिचे डबे कचऱ्यात उपडे केले. "मेलेल्यांना कसलं पाणी पाजतेस?" पाहुणे पोट धरून हसले. त्याच थंडीत तिची आई वारली. दुसरी मुळं आणायची कुठून?

पुढे स्वतः लावायला घेतल्यावर त्याला कळलं की सुनेचं बरोबर होतं. पण सुनेपाशी चूक कबूल करील तो फोरमन कसला?

या थंडीत त्याच्याही कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या. मुलगा कामावर गेल्यावर सून खुरपं घेऊन गॅलरीत आली. काड्या छाटेल, असं फोरमनला वाटलं. तिने कुंडी आडवी केली. त्याने डावा हात काचेवर आपटला, घशातून नुसता घरघराट निघाला. मुळं झोपलेली असतात हे ती विसरली असेल, असंच त्याने धरलं.

ती गड्डा घेऊन आत आली. त्याच्या नाकासमोर धरून अंगठ्याने माती पुसली. खाली कोंबांचे पांढरेशुभ्र टपोरे डोळे दाटीने बसले होते.

"झोपलेत, बाबा. मला माहितीये," ती शांतपणे म्हणाली. "पण मेलेल्यांना कसलं पाणी? तुम्हीच म्हणाला होतात."

एकेक कुंडी कचऱ्यात गेली. चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात. सासऱ्याचे किती, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मग हात स्वच्छ धुऊन ती रोजच्यासारखी पेला-चमचा घेऊन समोर बसली. त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला.

"पाणी हवंय?"

फोरमनने ओठ घट्ट मिटले. संतापाने डोळे भरून आले होते, आणि घशाला कोरड पडली होती. चमचा जरा लांबच धरून ती थांबली. तिला कसलीच घाई नव्हती.

शेवटी त्याने आ केला.