डाव्या हाताची कानस

गंगापूर रोडवरच्या एका टेक्निकल हायस्कुलात खंडेराव गांगुर्डे वर्कशॉप शिकवायचे. १९८१ च्या दिवाळीनंतर दहावीचा वर्ग पत्रा कापत होता. शिपायाने हाक मारली म्हणून खंडेराव दारापर्यंत गेले. तेवढ्यात एका मुलाने कातरमशिनचा दांडा खाली ओढला. पत्रा सरळ करणाऱ्या झुंबर नावाच्या पोराचा उजवा हात अजून पात्याखालीच होता. दोन बोटं गेली.

दवाखान्यातून सुटल्यावर झुंबर शाळेत आलाच नाही. खंडेराव सायखेड्याला त्याच्या घरी गेले.

झुंबरचे वडील कारभारी म्हणाले, "गुरुजी, तुमचा दोष नाय. नशिबात व्हतं."

"दोष नाय कसा?" आतून त्याची आई, शकुबाई, बोलली. "पोरगं कोनाच्या भरवशावर धाडलं व्हतं?"

"बाई बरोबर बोलताहेत," खंडेराव म्हणाले. "पण त्याला परत पाठवा."

झुंबर भिंतीला टेकून उभा होता. "मला कानस धरता येनार नाय, सर."

"डाव्या हाताने धर."

"तुमाला येती का?"



दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी आपल्या उजव्या हाताची दोन बोटं फडक्याने आवळून बांधली, व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडला आणि डाव्या हाताने कानस चालवून तो घासायला घेतला. कानस सटकायची, कडा वाकडी व्हायची. तळव्याला फोड आले. बाकीचे मास्तर हसले. खंडेराव रोज थांबत राहिले.

ही गोष्ट पोरांकडून झुंबरच्या कानावर गेली. एका संध्याकाळी तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. त्यांची कानस सटकताना बघून म्हणाला, "सर, पाय उलटे ठिवा. डावा मागं."

खंडेरावांनी पाय बदलले. कानस सरळ गेली. त्यांनी शेजारचा व्हाइस मोकळा करून दिला.

मार्चच्या प्रॅक्टिकलला झुंबरचा जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, अर्धवट राहिला. खंडेरावांनी बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे अर्धा तास मागितला.

"वेळ सगळ्यांना सारखाच," परीक्षक म्हणाले.

झुंबर नापास झाला. खंडेराव त्या रात्री जेवले नाहीत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतही दोघं वर्कशॉपमध्ये येत राहिले, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत तो पास झाला. सातपूरच्या एका कारखान्यात त्याला फिटरच्या हाताखाली काम मिळालं.

दाखला न्यायला तो आला तेव्हा शकुबाई बरोबर होती. तिने वर्कशॉप बघायला मागितलं. कातरमशिनच्या पात्यापुढे आता जाळी बसवलेली होती.

"हेच का?"

"हो," खंडेराव म्हणाले.

तिने जाळीवरून हात फिरवला. मग पोराला म्हणाली, "चल, यष्टी जाईन."

खंडेरावांशी ती 'हेच का?' एवढंच बोलली. झुंबर त्यांच्या पाया पडला. ते दोघांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.