ढिगाऱ्याखालचा आवाज

सकाळी दहाच्या सुमारास बॉम्ब पडला आणि इस्त्रीच्या दुकानासमोरची तीन मजली इमारत जागच्या जागी बसली. तळमजल्यावर इस्त्रीवालीची धाकटी जाऊ राहायची. दीर आघाडीवर होता. सासूच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघी जावा दोन वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

गल्ली गोळा झाली. ढिगाऱ्यातून बाईची हाक येत होती, पण कुणी पुढं सरेना.

"हात लावू नका, बचाव पथकाला कळवलंय," बेकरीवाला म्हणाला. "मागच्या वेळी धावले, त्यांच्याच डोक्यावर दुसरा बॉम्ब पडला."

ते खरंच होतं. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. इस्त्रीवालीही. तास गेला, पथक आलं नाही. मग तिनं बाह्या सरसावल्या, ढिगाऱ्यावर चढली आणि विटा उपसू लागली.

"अगं ए, मरायचंय का?" कुणीतरी ओरडलं. ती थांबली नाही.

थोड्या वेळानं म्हातारे मास्तर पुढं आले आणि तिच्या हातातली वीट त्यांनी घेतली. मग बेकरीवाला पिठाची घमेली घेऊन आला. बघता बघता कोपऱ्यापर्यंत रांग लागली.

"जाऊबाई, पाय अडकलाय हो," आतून आवाज आला.

"आलेच गं. बोलत राहा."

"काय बोलू?"

"शिव्या दे मला. दोन वर्षांच्या साठल्या असतील."

आत हसल्यासारखं काहीतरी झालं. "सासूबाईंचं तुम्हीच जास्त केलंत. कळत होतं मला."

त्यानंतर आवाज आला नाही. तुळई हलवायला आणखी तासभर लागला. बाहेर काढली तेव्हा अंग कोमटच होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात खाली ठेवला. पथक संध्याकाळी आलं.

पाचव्या दिवशी दीर रजेवर आला. गल्लीतली माणसं भेटायला इस्त्रीच्या दुकानात जमली होती. त्यानं टेबलाची कड धरली.

"वहिनी, फार वेळ पडून नव्हती ना ती?"

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. मास्तर चष्मा पुसू लागले.

"नाही भाऊजी," इस्त्रीवाली म्हणाली. "आम्ही लगेच धावलो. सगळेच."

दीर एकेकाजवळ गेला आणि हात जोडून प्रत्येकाचे आभार मानू लागला. कुणालाच त्याला थांबवता आलं नाही.