तारा माझ्या, नाव चिरंजीवांचे

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी उसासे टाकत सांगतात, असे तुम्ही ऐकले असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. जे घडले ते मी माझ्या पोटाने ऐकले आहे, आणि ते अजून तिथे घुमते आहे.

आधी मी कोण ते सांगते. तुम्ही सिनेमात पाहता ती सपाट पोटाची, मधोमध गोल भोक असलेली गिटार वेगळी. माझे पोट जाड फळीतून कोरून काढले आहे. त्याला व्हायोलिनसारखा फुगवटा आहे, आणि व्हायोलिनसारख्याच दोन वळणदार फटी आहेत. माझा जन्म अमेरिकेतला. तिथे जाझ नावाच्या संगीताचे मोठाले ताफे असत. पितळी वाद्यांच्या त्या गदारोळातही, विजेच्या मदतीशिवाय, गिटार ऐकू यावी म्हणून माझी घडण अशी केली गेली.

पुढे वीज आली. माझ्या दांड्याच्या बुडाशी, तारांखाली एक चपटी पट्टी बसली. ती तारांची थरथर पकडते, वायरीतून आवाज मोठा करणाऱ्या लाकडी पेटीकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे, धाडते, आणि पेटी तीच मोठ्याने बोलून दाखवते. तिच्याबरोबर माझ्या अंगावर दोन काळी बटणे आली. एक आवाज लहानमोठा करायचे. दुसरे आवाजाचा पोत बदलायचे. ते दुसरे पूर्ण उघडले तर मी रिकाम्या डब्यासारखी टणटणते. थोडे मिटले की आवाज जाड आणि मऊ होतो, दुधावर साय धरल्यासारखा. माझा खरा आवाज तो.

मिरजेच्या एका मिशन दवाखान्यात आलेल्या गोऱ्या डॉक्टरांबरोबर मी आगबोटीने इकडे आले. रविवारी संध्याकाळी ते मला घेऊन व्हरांड्यात बसत. तिथेच अनसूया मला पहिल्यांदा दिसली. शिराळ्याजवळच्या खेड्यातली ही मुलगी तेव्हा नर्सचे शिक्षण घेत होती. तिचे वडील केरबा यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून ते स्वतः गाणी बांधून वस्त्यावस्त्यांतून गात होते. त्यामुळे पोरीचा कान घरातच तयार झाला होता. डॉक्टरांनी तिला तारांवर बोटे चालवायला शिकवले. ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणत, "अनसूया, बटण उघडणे सगळ्याला येते. तू मिटायला शिक."

ती शिकली. डॉक्टर बासष्ट साली कायमचे मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी मला आणि माझ्या पेटीला तिच्या हवाली केले.

मला घेऊन ती गावी गेली, तेव्हा केरबांनी मला उलटीसुलटी करून पाहिले.

"आगं अनशे, ह्या लाकडाला रेडूची बटनं कशापायी?"

"आण्णा, तुमी गा तर खरं. मग कळंल."

त्यांनी आवाज लावला आणि अनसूयाने मला त्यांच्या मागून हळूच चालवले. कडवे संपल्यावर केरबांनी माझ्या तारांवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "ही माज्या मागनं चालत न्हाई. ही माजा हात धरून चालतीय." मित्रांनो, एवढी तारीफ मला अमेरिकेतही कुणी केली नव्हती. पुढची काही वर्षे आम्ही रजेच्या दिवसांत एस.टी.ने खूप हिंडलो. शिराळा, कोरेगाव, उंब्रज. गावच्या देवळापुढच्या मांडवात आम्हाला कधी बोलावणे नसे. आम्ही वस्तीतल्या चौकात वाजवायचो, आणि देवळापुढचे लोक लांबून, अंधाराच्या कडेला उभे राहून ऐकायचे. ऐकायला त्यांना विटाळ नव्हता. बोलावण्यात होता.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. अनसूया मदतीच्या पथकातून तिकडे गेली. परत आली तेव्हा तिचे हात सोलवटले होते आणि कितीतरी दिवस तिने मला हात लावला नाही. कऱ्हाडला जागा पुरेना, म्हणून काही जखमी मिरजेला आणले होते. त्यांत बायडाबाई नावाची एक म्हातारी होती. घराची तुळई पडून तिचा पाय चेचला होता, आणि घरातले दुसरे कुणी उरले नव्हते. ती जेवत नसे, बोलत नसे. फक्त कधीतरी जात्यावरच्या ओवीची चाल नाकातल्या नाकात म्हणत राही.

एका दुपारी अनसूया मला वॉर्डात घेऊन गेली. पेटीचा आवाज अगदी बारीक ठेवून तिने ती चाल माझ्यावर काढली. ओळ संपली की सूर वाजत असतानाच ती करंगळीने दुसरे बटण हळूच मिटायची. त्याने सुराचे तोंड मिटल्यासारखे व्हायचे आणि आतून नुसता हुंकार यायचा. म्हातारीने मान वळवली.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर हुंकार देती! आमची सासू द्यायची दळताना."

त्या दिवशी ती जेवली. पुढे रोज दुपारी, "पोरी, तुजी हुंकारवाली आण की," असा तिचा लकडा असे.

आता माझ्या रागाचे कारण सांगते. सांगलीतल्या एका सांस्कृतिक मंडळाने भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी गाण्याबजावण्याचा मोठा कार्यक्रम ठरवला. मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव अनसूयाच्या खोलीवर आले. माणूस गोड बोलणारा. चहा मात्र त्यांनी घेतला नाही, आत्ताच घेऊन आलो म्हणाले.

"सिस्टर, विजेची गिटार म्हणजे कार्यक्रमाचं आकर्षण आहे बघा. तुम्ही यायलाच हवं. तुमच्यासाठी पडद्यामागं छान खुर्ची ठेवतो."

"पडद्यामागं का?"

"त्याचं असं आहे, पुढं आमच्या अध्यक्षांचे चिरंजीव बसणार. त्यांची स्वतःची गिटार आहे, नवी कोरी. फक्त... सराव थोडा कमी पडतोय. तुम्ही मागून वाजवा, ते पुढं हात फिरवतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि मी पुढं बसले तर?"

मधुकररावांनी आवाज खाली आणला. "अहो, समजून घ्या. पुढच्या रांगेत सगळी मोठी घराणी असतात. तुमच्याकडच्या बाईला तिथं बसवलं तर चार लोक बोलतात. मला स्वतःला काही नाही हो."

मित्रांनो, 'मला स्वतःला काही नाही' हे वाक्य मी भिंतीवर टांगलेली असताना ऐकले. माझ्या तारा आपोआप झणकारल्या असत्या तर किती बरे झाले असते!

केरबा त्या दिवशी लेकीकडे आलेले होते. ते तिच्यावर तडकले. "जायाचं न्हाई! गावात आमाला लांब उभं केलं, आता शेहरात पडद्याआड बसिवत्यात. ह्यासाठी दीक्षा घेतली व्हय आपण?"

"आण्णा, मी बघून आलीय तिथलं. थंडीत पोरं उघड्यावर झोपल्यात. माज्या मानापायी त्यांचं पांघरूण आडवू?"

केरबा उठून बाहेर गेले. तेही कार्यक्रमाला आले नाहीत आणि त्यांचा आशीर्वादही आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला मागच्या दाराने आत घेतले. धुळीने जड झालेल्या मखमली पडद्यामागे आमची खुर्ची होती. माझी वायर पडद्याखालून पुढे नेऊन पेटीला जोडली होती, आणि त्या पेटीशेजारी, दिव्यांच्या झगमगाटात, चिरंजीव बसले होते. त्यांचे नाव मी सांगणार नाही. ते पेपरात पुष्कळदा येते. त्यांच्या लाल गिटारीची वायर नुसतीच गालिच्याखाली सरकवून ठेवली होती.

आम्ही वाजवू लागलो. पहिल्याच तुकड्याला टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा, चिरंजीव!" असे ओरडले. अनसूया मान खाली घालून वाजवत राहिली. मला तिच्या छातीचे ठोके पाठीवर जाणवत होते, पण तिची बोटे ढळली नाहीत. दुसऱ्या तुकड्यात एक ओळ संपताना, सवयीने, तिची करंगळी बटणाकडे गेली. सुराने तोंड मिटले. हुंकार आला.

त्याच क्षणी पुढून एक खणखणीत आवाज उठला. मंडळाने दयेचा देखावा म्हणून दवाखान्यातल्या काही जखमींना पहिल्या रांगेच्या बाजूला बाकावर आणून बसवले होते. त्यांत बायडाबाई होती.

"आगं बाई! ह्यो बाबा कुठं वाजिवतोय? ह्यो आमच्या अनसूयाबाईचा हुंकार हाय! आवं, कुठं दडिवलीय तिला?"

सभागृहात कुजबुज झाली. एक स्वयंसेवक धावला. "ए म्हातारे, गप बस! कळत नाही तर तोंड उघडू नकोस."

"मला न्हाई कळत? माजं घर पडलंय, कान न्हाई पडलं!"

"हिला बाहेर न्या रे," कुणीतरी म्हणाले. कुबडी आपटल्याचा आवाज आला. म्हातारी कळवळली.

पडद्यामागे अनसूयाची बोटे थांबली नाहीत. तिने फक्त पहिले बटण धरले आणि अगदी सावकाश, शेवटपर्यंत मिटले. पेटी मुकी झाली. पुढे चिरंजीव मात्र डोळे मिटून हात फिरवतच होते. आवाज नाही, आणि हात जोरात चालला आहे! आधी मागच्या रांगेत कुणी हसले. मग सगळे सभागृह हसू लागले.

मधुकरराव पडद्याआड धावत आले. गोड बोलणे कुठल्या कुठे गेले होते.

"आवाज सोडा! आधी आवाज सोडा!"

"त्या आजींना त्यांच्या जागेवर बसवा. मग सोडते."

"तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की—" त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्यांनी माझी वायर धरून हिसका दिला. माझ्या कडेला वायर खोवायचे जे भोक आहे ते लाकडासकट उचकटले. एक बटण फुटून खाली घरंगळले. मित्रांनो, लाकडालाही लागते.

अनसूया उठली. मला उराशी धरून तिने पडदा बाजूला केला आणि सरळ रंगमंचाच्या पुढच्या कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. दाराशी पोचलेल्या बायडाबाईला तिने नाव घेऊन हाक मारली. स्वयंसेवकाचा हात आपसूक सुटला.

मग तिने ओवीची ती चाल धरली. वायर नाही, पेटी नाही. मला वाटले होते की मी विजेशिवाय बोलायचे विसरले असेन. पण माझ्या घडणीत जो गदारोळ भेदायचा जोर कुणा कारागिराने कोरून ठेवला होता, तो त्या दिवशी जागा झाला. हसणे ओसरले. मागच्या बाकांवरच्या बायका उठून पुढे आल्या. सूर शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला, कारण लोकांनी श्वास रोखून धरला होता. बायडाबाई दारातूनच गाऊ लागली. पुढच्या रांगेतले काहीजण उठून निघून गेले. ते नेमके तिच्या शेजारून गेले, आणि ती वाटेतून हलली नाही.

तुम्हाला वाटेल, झाले, न्याय मिळाला. थांबा. दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आले: चिरंजीवांच्या सुरेल गिटारवादनाने श्रोते मंत्रमुग्ध झाले; मध्यंतरी तांत्रिक बिघाडामुळे थोडा व्यत्यय आला. तो तांत्रिक बिघाड म्हणजे मी आणि माझी बाई!

अनसूया मला खांद्याला लावून मंडळाच्या कचेरीत गेली. मधुकररावांनी वर पाहिले नाही.

"झालं ते झालं, सिस्टर. मदत पोचल्याशी कारण. नाव कुणाचं का असेना."

"मग त्या भिंतीवरची अध्यक्षांची पाटी काढा," ती म्हणाली. "नाव कुणाचं का असेना."

मधुकररावांना एकाएकी दुसरे काम आठवले.

केरबांना हे सगळे बायडाबाईने सांगितले, वॉर्डात बसून, दोनदा. घरी आल्यावर त्यांनी माझ्या उचकटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिथे सरसाने लाकडाची एक चकती डकवली. विजेची वाट कायमची बंद झाली. पुढे पाय बरा होऊन म्हातारी कोयनेकडे परतली, तेव्हा केरबाच तिला एस.टी.त बसवून द्यायला गेले.

आज मी अनसूयाच्या खोलीत भिंतीवर असते. परवा उंब्रजहून बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाचे आमंत्रण घेऊन एक तरुण आला. तिथल्या आपल्याच वस्तीतला, भला मुलगा. त्याने मला न्याहाळले आणि विचारले, "ताई, ही सांगलीच्या त्या चिरंजीवांची गिटार ना? तुमच्याकडं कशी आली?" त्याचा काय दोष? त्याने त्या वेळचा तो पेपर वाचला होता. अनसूया हसली. मला हसू आले नाही, अजूनही येत नाही.

मित्रांनो, घरात जुने वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा, गंजलेली तार बदला, आणि बटणे रेडिओसारखी पिळू नका. पण एवढ्यावर तुमचे काम संपले असे समजू नका. सूर कानावर पडला की विचारा, कोण वाजवते आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारा. मला स्वतःचे नाव नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. तिला मात्र नाव आहे. अनसूया केरबा बनसोडे. पेपराने छापले नाही, तर तुम्ही म्हणा. मोठ्याने म्हणा.