उन्हाळ्यातला कोट

सकाळचं ऊन शटरखालून आधी बोटभर आत आलं. मग फरशीवरच्या चिंध्यांवरून, कसलीच घाई नसल्यासारखं सरकत, ते शिलाई मशीनच्या पायडलपर्यंत पोचलं. तिथून मेजावर चढलं, कात्रीच्या पात्यावर जरा थबकलं आणि कापडावरच्या खडूच्या रेघा उजळून गेलं. त्या उजेडात राखाडी लोकरीचे बारीक तंतू तरंगत होते. शिंप्याने ते हाताने झटकले. ते पुन्हा तरंगू लागले.

"आज तरी कोर्टात उगवणार का भाऊजी?" चहा ठेवता ठेवता बायकोने विचारलं.

"येईल. पासपोर्ट कोर्टात जमा आहे. जाणार कुठे?"

"ते नाही माहीत. दुकान कुठे जाणार, ते मात्र दिसतंय मला."

धाकट्या भावावर अफरातफरीचा खटला होता, आणि दुकान तारण लिहून देऊन जामीनदार म्हणून सही शिंप्यानेच केली होती.

कोर्टात पट्टेवाल्याने धाकट्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं. पाहत राहिलं तर येईलच, अशा भाबड्या हट्टाने शिंपी दाराकडे पाहत राहिला. न्यायाधीशांनी जामीन रद्द केला, अटक वॉरंट काढलं, जामीनदाराला नोटीस बजावायला सांगितलं आणि पुढचा खटला पुकारायला लावला.

व्हरांड्यात वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पोलिसांचा अहवाल आलाय, काका. डोंगराकडची सीमा ओलांडून तो पलीकडच्या देशात गेलाय. मूळ खटला राहिलाच, वर पळून गेल्याचा गुन्हा वेगळा. आता परतला तर थेट तुरुंग. पुन्हा जामीन मिळणं कठीण. आणि जामिनाची रक्कम दुकानातून का वसूल करू नये, याचं उत्तर तुम्हाला द्यायचंय."

"अडकला असेल हो कुठेतरी. लहानपणापासून वेंधळाच तो."

"तुम्हाला काहीच कुणकुण नव्हती? नीट आठवा. कोर्टही हेच विचारेल."

'नाही' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली घामाने निथळत, धाकट्याने राखाडी लोकरीच्या कोटासाठी मापं दिली होती.

"दादा, अस्तर जाड घाल."

"थंडीला अवकाश आहे रे."

"असू दे. तुझ्या हातचं काहीतरी अंगावर असावं."

शिंप्याने पुढे एक शब्दही विचारला नव्हता. दुहेरी अस्तर घातलं होतं, बटणं दोन-दोनदा टाचली होती.

त्याच्या बाहीवर आत्ताही एक राखाडी तंतू चिकटला होता. या वेळी त्याने तो झटकला नाही.

धाकटा पळून जाणार, हे त्याला मापं घेतानाच कळलं होतं.