जवाईबापूंचा रोव्हर

मी बोलतोय केशोरीच्या बाजारातून, हिरालालशेठच्या हार्डवेअर-दुरुस्तीच्या दुकानातल्या काउंटरखालून, एका प्लॅस्टिकच्या थैलीतून. मंगळावर गाड्या चालतात ना, त्यांच्या जातीचा मी एक घरगुती रोव्हर. होतो, असं म्हणायला हवं. थैलीत माझी चार चाकं आहेत, उरलेली दोन सापडली नाहीत. दुकानातच जन्मलो, दुकानातच वाढलो, त्यामुळे बोलणंही दुकानदाराचं. आमच्याकडे माणूस एक वायसर घ्यायला आला तरी चार गोष्टी ऐकूनच जातो. तुम्हीही जरा टेका.

हिरालालशेठचं शिक्षण गावच्या शाळेत संपलं. पुढचं सगळं ते दुरुस्तीला आलेल्या वस्तू उघडून शिकले. दुपारी बाजार ओस पडला की मोबाइलवर मंगळावरची गाडी लावून बसायचे. सहा चाकं, सांध्यात वाकणारे पाय. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची पाच जमीन सोडत नाहीत.

एकदा एक गिऱ्हाईक पाना मागत उभं होतं. शेठ त्यालाच म्हणाले, "पाहा ना जी, कसा चढून राहिला! पोटातला पाणी हालत नाही याच्या."

"माझ्या मोटरीतूनही पाणी हालत नाही, शेठ," तो म्हणाला. "पाना देता का मंगळावर जाऊ?"

असा माझा गर्भ राहिला. पाय पीव्हीसी पाइपचे, सांधे सायकलच्या छऱ्यांवर फिरणारे. पाइपांच्या टोप्यांची चाकं, त्यांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. बॅटरी फवारणीच्या पंपातली. मोटरा गोंदियाहून आल्या. डोळा म्हणून शेठच्या बायकोचा, सुशिलाबाईंचा, काच तडकलेला जुना मोबाइल बसवला.

"माझा फोन कुठी गेला?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"मंगळावर."

"मंग जेवणही तिथंच करा."

चालायला लागलो तेव्हा सगळा बाजार बघायला आला. मी खडीचा ढीग चढलो, विटा ओलांडल्या. समोरच्या चहावाल्या दुर्गाप्रसादनं मात्र एकाच वाक्यात माझं माप घेतलं. "तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे नंदी दोरीनं ओढतात. तुमचा नंदी जरा मोठाच झाला, शेठ. दोरी कुठी हाय याची?"

बाजार हसला. शेठही हसले, पण त्यांचा चहा कपातच गार झाला. मी पाहिलं ना, डोळा उघडाच होता माझा. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. माझ्यासाठी खरं काम शोधायचं, माणसाला जमणार नाही असं.

ते काम सासुरवाडीहून आलं. सुशिलाबाईंचा धाकटा भाऊ सुकराम शेती करतो. त्याच्या आजोबांनी गावाचा तलाव बांधला, मातीच्या बांधाची पाळ घातली, पाळीखालून शेतात पाणी उतरवणारी मोरी काढली. पाऊस लवकर गेला, धान गर्भात आलं आणि ऐन वेळी मोरी तुंबली. तलाव काठोकाठ भरलेला आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, करंगळीएवढी धार. मोरीत माणूस शिरत नाही. बांबू घालावा तर आत काय आणि कुठे अडलंय ते कळत नाही.

"डोळा आत गेला तर ठाव लागेल," सुकराम म्हणाला. "आणता का भाऊजी? आठ-दहा दिवसांत पाणी लागला नाही तर लोंबीत दाणा भरत नाही."

शेठ नवे कपडे घालून निघाले. त्या गावात ते केशोरीचे दुकानदार नाहीत, जवाईबापू आहेत. उंबऱ्यावर पाय धुवायला पाणी येतं, ताटात पहिला वाढा त्यांचा. जावयानं भाजीला मीठ कमी म्हटलं तर सासुरवाडी आपल्या जिभेला दोष देते. प्रेमाची माणसं आहेत. त्याच प्रेमानं घात केला.

पाणी अडवायला मोरीची तलावाकडची फळी बंद केली. शेतातल्या तोंडाशी मला ठेवलं. सुकरामच्या हातात सोल होता, बैल बांधायचा दोर.

"मागून बांधू का, भाऊजी? अडकला तर ओढता येईल."

शेठनं जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "मंगळावर दोरी बांधतात का? हा कायले अडकते?"

सुकरामनं सोल गुंडाळून खांद्यावर टाकला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तो भांडला असता.

मी आत शिरलो. अंधार, ओल, झाडाच्या मुळ्या आणि पुढे गाळाचा ढीग. चढायलाच तर जन्मलो होतो, चढलो. पुढचे पाय पलीकडे उतरले, मागचे अलीकडे राहिले, मधला सांधा उचलला गेला आणि मोरीच्या छताला जाऊन टेकला. छत्री भांड्यात उघडावी तसा मी बसलो. मागे ये, मागे ये, असं शेठ रिमोटवर सांगत असतील. पण पाळीच्या पोटात त्यांची हाक पोहोचतच नव्हती. बाहेरचे आवाज मात्र मोरीतून स्पष्ट येत होते.

पाण्याच्या जोरानं मी निघेन म्हणून त्यांनी फळी उघडली. पाण्यानं गाळ आणून माझ्या फटीत ठासला. होती ती धारही गेली. मोरीचं बूच मीच झालो.

"सब्बल घालून फोडू का?" एक म्हातारा हातातली पहार दाखवत म्हणाला. "पायप तर हाय. एका ठोशात जाईल."

"जवाईबापूंची वस्तू हाय बा," सुकराम म्हणाला. "त्यायले विचारा."

"उद्या काढतो," शेठ म्हणाले. "हूक करून आणतो."

हूक आणला, वाकला. मग जाड सळईचा आणला, तो पोहोचला नाही. मग फासा. रोज शेठ नवं हत्यार करून आणत, रोज त्यांचे पाय धुतले जात, रोज सुकराम विचारी, "आज निघेल ना, भाऊजी?" आणि शेठ म्हणत, "आज निघतेच." पाळ फोडावी तर तलाव भरलेला, गावच वाहून जायचं. इंजिन लावून पाणी उचललं, ते जवळच्या दोन बांध्यांतच जिरलं. मी आतून ओरडत होतो, फोडा मला, शेठ, मी पाइपच आहे हो! बॅटरी संपली तरी ओरडत होतो. रोव्हरचं कोण ऐकतं.

शेवटी, दहा दिवस उलटून गेल्यावर, सुशिलाबाई आल्या. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुकराम, सब्बल दे."

"बाई, भाऊजी..."

"भाऊजी गेले चुलीत. मी या घरची पोरगी होय ना? दे इकडे."

लांब बांबूला बांधलेली सब्बल आत आली. म्हातारा खरं बोलला होता, एकाच ठोशात गेलो. पाणी धडाडून बांध्यांत शिरलं आणि माझे तुकडे घेऊन गेलं. डोळा फुटायच्या आधी एकदा उजेड दिसला. लोंब्या उभ्या होत्या, पांढऱ्या. सुकरामनं एक चिमटीत दाबली, नुसतं टरफल. त्यानं ती खिशात ठेवली. मग बांधीत वाकून माझी सापडतील तेवढी चाकं गोळा केली, धुतली, दुपट्ट्यात बांधली आणि शेठच्या हातात दोन्ही हातांनी दिली.

दरवर्षी मळणी झाली की बहिणीच्या घरी नव्या तांदळाचं पोतं येतं. यंदा सुशिलाबाईंनी बाजारातून तांदूळ आणला. भाऊबीजेला त्या एकट्याच गेल्या. परवा सुकराम दुकानात आला, पंपाचा वायसर घेतला. शेठनं चहा मागवला. "नाही जी, काम हाय," म्हणाला, हात जोडले, "येतो भाऊजी," म्हणून गेला. त्या नमस्कारापेक्षा सब्बल बरी होती.

शेठ हल्ली दुपारी माझी थैली काढतात, चाकं फिरवून पाहतात, परत बांधतात. हिरालालशेठ, तेवढं करू नका. मला पुन्हा जोडू नका. चाकं भंगारात द्या, छरे कुणाच्या सायकलीला लावा. आणि एकदा सासुरवाडीला जा. घरात जाऊ नका, तिथे पाय धुवायला पाणी आणतील. थेट बांधीवर जा, सुकरामसमोर उभे राहा आणि म्हणा, "बाबा, मले शिव्या दे."

तो देणार नाही. तरी जा.