कागदाला सांगितलं, मला नाही

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीजवळची नव्हे, दम्याची. प्लास्टिकची नळी, पाठीवर आकडे आणि आकड्यांवरून सरकणारा लाल काटा. जोरात फुंकलं की श्वास किती मोकळा आहे ते मी सांगते. कारखान्यात मला यंत्राच्या वाऱ्याने तपासलं होतं. माणसाचा पहिला श्वास माझ्यात फुंकला तो एका सुताराने.

तो बबडीचा बाबा. रोज सकाळी तो ताठ उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि तीनदा फुंकायचा. सगळ्यांत मोठ्या आकड्याचा ठिपका बबडी कपाटाच्या दारावरच्या चौकटींच्या कागदावर काढायची. "चारशे! आज खुशाल रंधा मारा," तिची आई म्हणायची. घरात माझा शब्द शेवटचा. तरी त्याच्या कानावरच्या पेन्सिलीचा मला हेवा वाटायचा. ती दिवसभर त्याच्याबरोबर आणि मी खणात!

मग एका सकाळी तो उठलाच नाही. पडल्या पडल्या आतूनच ओरडला, "चारशे दहा!" बबडीने ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी चारशे दहा. तिसऱ्या दिवशीही तेच. मित्रांनो, मी तर खणात कोरडी पडून होते! रोजचं औषधही तो ओढत नव्हता. कपाटावरची रेघ मात्र पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

एकदा थोरले काका आले. रेघ बघून म्हणाले, "अरे, आकडा तर खणखणीत आहे. मग लोळतोस काय असा? नवी नवरी आहेस का?"

बाबा हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माझ्या नावावर खपलेल्या खोट्या आकड्याने त्याचंच तोंड बंद केलं होतं.

तपासणीच्या दिवशी बबडीच्या आईने ठिपक्यांचा कागद आणि मला पिशवीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, चष्मा वर केला. "एकवीस दिवस एकच आकडा? माणसाचा श्वास असा चालत नाही हो. फुंका बघू."

दोनशे चाळीस. बबडीच्या आईने तोंडाला पदर लावला.

मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. पण बाईंनी मला बाजूला ठेवलं आणि एक साधा कागद काढला. ना काटा, ना आकडे. नुसते प्रश्न. त्यांनी पहिला वाचला, "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस काहीच करावंसं वाटलं नाही?"

बाबा त्या कागदाकडे बघत म्हणाला, "रोज."

"फुंकायचंही नाही?"

"फुंकायला उठावं लागतं, बाई. आणि उठायचं कशासाठी, तेच कळत नाही."

मी जळून खाक झाले. दोन वर्षं रोज मी त्याच्या ओठांत होते. मला त्याने नुसता वारा दिला आणि त्या कालच्या कागदाला पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं!

बाई म्हणाल्या, "हा आळस नाही. हे नैराश्य आहे. दमा असलेल्या मोठ्या माणसांत पुष्कळदा दिसतं. मन खचलं की औषध घ्यायचं राहतं, औषध राहिलं की श्वास अडतो आणि मन आणखी खचतं. दोन्हींवर उपचार आहेत, दोन्ही करायचे."

आता बाबा दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरांकडे जातो. तिथल्या खुर्चीवरही माझा राग आहे. तासभर बसतो म्हणे तिच्यावर! रेघ आता वेडीवाकडी वर चढते, मध्येच घसरते. आणि बबडी रोज दोन प्रश्न विचारते.

"बाबा, आकडा किती?"

"तीनशे तीस. ये, काटा बघ."

"आणि मन किती?"

तो खरंच विचार करतो. "आज... अर्ध्याच्या थोडं वर."

मग ती हिरवा ठिपका काढते. माझ्या लाल ठिपक्याच्या अगदी शेजारी, चिकटून. काय सांगू, अंगाची लाही होते!

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर तिला साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, जपून ठेवा. पण नुसता तिचा आकडा वाचून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि दुसरा प्रश्नही विचारा. माझा जळफळाट होईल. होऊ दे.