मंत्र्याला बक्षीस

त्या गुरुवारी दुपारी टेकाडीच्या समाजमंदिरात नाटकाला जमावी तशी माणसं जमली होती, आणि नाटक मात्र होतं सातासमुद्रापलीकडे, आयर्लंड देशाच्या संसदेत. धानाची कापणी उरकली होती, चुरणं, म्हणजे मळणी, बाकी होतं, त्यामुळे गावाकडे थोडी उसंत होती आणि चौकसपणा तर बारा महिने भरपूर असतोच. नाट्य मंडळाच्या निकेशनं मंडळाचा मोठा टीव्ही ओट्यावर आणून ठेवला, त्याला मोबाइल जोडला आणि आवाज भोंग्यातून सोडला. बाया पुढे सतरंजीवर बसल्या. जागा न मिळालेले खिडकीत चढले.

वारलूनं घरून नारळ आणला होता. ओट्यावर काहीही व्हायचं असलं की आधी नारळ फुटला पाहिजे, हा टेकाडीचा शिरस्ता. मग पडदा कापडाचा असो नाही तर काचेचा. त्यानं टीव्हीपुढे नारळ फोडला आणि ओंजळीतलं पाणी भक्तिभावानं समोर शिंपडलं.

"काकाजी, पानी नोका टाकू! करंट मारते!" निकेश ओरडला, आणि सगळं समाजमंदिर हसलं.

वारलू हसला नाही. तो नातीला, निशाला, मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला. शेजारी त्याची बायको रुखमाबाई होती. आज त्या दूरच्या संसदेत जो प्रश्न निघणार होता, तो या मांडीवरच्या पोरीचाच होता.

वारलूची लेक मयुरी आयर्लंडात एका वृद्धाश्रमात कामाला होती. नवऱ्याशी तिचं पटलं नाही; त्यानं गडचांदूरला दुसरा संसार मांडला. मयुरीनं चंद्रपुरात रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं, इंग्रजी घोटलं आणि एक दिवस पोरीला आईबापांच्या ओटीत घालून विमानात बसली. तिथल्या मंत्र्यानं भर संसदेत सांगितलं होतं, की या कामाला येणाऱ्या बायांना वर्षभरानं आपली लेकरं आणता येतील. त्या एका शब्दावर ती गेली. ती पोचली आणि मागून नियम बदलला: इतक्या कमी पगारावर लेकरं आणता येणार नाहीत. मयुरी तिथल्या विरोधी पक्षाच्या एका खासदार बाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, मी मंत्र्यांना विचारते. तो विचारण्याचा दिवस आजचा.

गावाला वाटत होतं, वारलूनं नारळ फोडला तो मंत्र्यानं 'हो' म्हणावं म्हणून. खरं तर त्याचा जीव अडकला होता 'नाही'त. हे तो कोणापाशी बोलला नव्हता. निशा रात्री त्याच्या पोटावर पाय टाकून झोपायची. बोडीवर, शेताजवळच्या तळ्यावर, त्याच्यासोबत यायची, एकेका बगळ्याला नाव द्यायची, कालचा बगळा आज आला नाही तर घरी येऊन फुगून बसायची. लेक गेली तेव्हा वारलूनं छातीवर दगड ठेवला होता. आता दुसरा दगड ठेवायला छातीत जागा नव्हती. रुखमाबाईला हे न सांगता कळलं होतं. तिचं मात्र एकच म्हणणं होतं, लेकरू आईपाशीच पाहिजे. तो विषय निघाला की वारलू बैलांना पाणी पाजायला जायचा.

पण आज तो तसा निवांत होता. मंत्री काय चीज असते ते त्यानं पाहिलं होतं. एकदा पुलाच्या भूमिपूजनाला एक आले होते. धुरळा, गाड्या, ढोल, हारांत बुडालेली मान. कोणा एकानं कालव्याच्या पाण्याचं विचारलं, तर दोघातिघांनी त्याला कोपराला धरून गोडीगुलाबीनं गर्दीबाहेर नेलं होतं. मंत्र्याला कोणी विचारत नसतं, विचारलं तरी तो सांगत नसतो, ही वारलूची पक्की समजूत. तेव्हा पोरगी काही जात नाही.

टीव्हीवर चित्र आलं आणि समाजमंदिर चूप झालं. अर्धगोल मांडलेल्या लाकडी खुर्च्या, वर एक सभापती, आणि खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या. चार माणसं इकडे, पाच तिकडे.

वारलूनं आयुष्यभर झाडीतली, म्हणजे या झाडीपट्टी मुलुखातली, नाटकं पाहिली होती, मंडळात कामंही केली होती. रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो उठून उभा राहिला आणि मागे वळून म्हणाला, "हाऊस पडलं, बापा! पब्लिकच नाई आली. आज का प्रयोग होत नाई. चला आपापल्या घरी."

चारदोन जण खरंच चपला शोधायला लागले.

"बसा ना काकाजी," करिष्मा म्हणाली. ती शेजारच्या घरची, चंद्रपुरात नर्सिंगला शिकणारी. इंग्रजीचं मराठी करून सांगायचं काम गावानं तिच्याकडे दिलं होतं. "तिथी असंच रायते. ज्याचा प्रश्न हाये थोच येते. मंत्री पाहा, उभा झाला."

एक साधा कोट घातलेला, केस विरळ झालेला माणूस उभा राहिला होता. गळ्यात हार नाही, मागे माणसं नाहीत. सगळी मिळून नऊ डोकी असताना तो भरल्या मैदानापुढे बोलावं तसा नीट, एकेक शब्द लावून बोलत होता. वारलू हळूच खाली बसला. रिकाम्या हाऊसपुढे जीव तोडून काम करणारा नट त्यानं उभ्या आयुष्यात एखाददुसरा पाहिला होता, आणि अशा नटाला तो मनोमन हात जोडत असे.

मग समोरून विरोधी पक्षाच्या बाई उठल्या. चष्मा केसांत खोवलेला, हातात एक कागद. करिष्मा ऐकत ऐकत सांगू लागली.

"त्या म्हनून राह्यल्या, माझ्या गावात मयुरी नावाची एक बाई हाये. आमच्या म्हाताऱ्या मायबापाईले थे न्हाऊ घालते, चमच्यानं भरवते. तिची सहा वर्साची पोरगी हिंदुस्थानात, चंद्रपूर जिल्ह्यात, आजी-आबाजीपाशी हाये. ते लोकं धान पिकवतेत. बुढा आबाजी पोरीचा हात धरून तिले रोज शाळेत नेऊन देते."

"बुढा कोनाले म्हनते थे?" वारलू तोंडातल्या तोंडात म्हणाला, पण त्याच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला होता.

त्याचं नाव आजवर रेशनच्या दुकानात पुकारलं गेलं असेल, फार तर नाटकाच्या जाहिरातीत खालच्या ओळीत छापलं असेल. आणि इथं, जिनं टेकाडी पाहिली नाही, जिला धानाची बांधी, बांध घातलेलं वावर, कशी असते ते ठाऊक नाही, अशी एक परकी बाई एका देशाच्या मंत्र्यापुढे उभी राहून त्याच्या हातातल्या हाताबद्दल बोलत होती; आणि मंत्री मान वर करून ऐकत होता. मधे हसत नव्हता, शेजाऱ्याशी बोलत नव्हता. समाजमंदिरात कोणी खोकलंसुद्धा नाही. खरोखर काहीतरी मोठं चाललं आहे, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहावं तसं मोठं, हे वारलूला आतून कळलं आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मंत्र्यानं कागद उचलला आणि वाचून दाखवला. करिष्माचा आवाज उतरला. "म्हन्ते, या बायाईची सरकारले लई कदर हाये. नियमाचा अभ्यास चालू हाये. आज तं काई बदल होनार नाई."

ही भाषा वारलूला पाठ होती. अभ्यास चालू आहे म्हणजे काय, हे झाडीतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. निशा जात नाही. जे हवं होतं तेच झालं, आणि तरी रुखमाबाईच्या खाली गेलेल्या मानेकडे त्याला पाहवेना.

"झालं?" रुखमाबाईनं विचारलं.

"नाई काकू, नाई झालं. त्याईले अजून इचारता येते. थे पाहा, उठल्या परत."

बाई परत उठल्या. आवाज चढवला नाही, हात आपटला नाही. कागद डोळ्यांसमोर धरला आणि एक वाक्य वाचलं. ते मंत्र्याचंच होतं, त्याच सभागृहात त्यानंच उच्चारलेलं: वर्षभरानं लेकरं आणता येतील. मग कागद खाली घेतला आणि एवढंच विचारलं, की हा शब्द तुमचा होता की नव्हता?

मंत्री उठला. समोरची पानं त्यानं एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली. सभापतींनी घंटी वाजवली.

"का झालं?" मागून कोणीतरी विचारलं.

"वेळ झाला म्हनून राह्यले. मंत्र्याले सांगून राह्यले, लवकर आटोपा."

"मंत्र्याले?"

"हो ना. आन मंत्री म्हनून राह्यला, मले अर्धा मिनिट द्या."

खिडकीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मंत्री वेळ मागतो. हात पुढे करून, उभा राहून, अर्धं मिनिट मागतो. जन्मात कधी ऐकलं नव्हतं असं काही कानावर आल्यावर माणूस हसतो किंवा गप्प होतो. टेकाडी गप्प झाली.

मंत्र्यानं फाइल मिटली. आता तो वाचत नव्हता, समोर पाहून बोलत होता. करिष्मा सांगताना मधेच अडखळली, डोळे पुसले आणि पुन्हा सांगू लागली.

"म्हनून राह्यला, बाई बरोबर बोलून राह्यल्या. थो शब्द माझाच होता. थ्या शब्दावर ह्या बाया आपलं लेकरू मांग ठेवून आल्या. शब्द मोडला असंन तं थो मी मोडला, त्याईनं नाई. तवा ज्या आल्या त्याईले नवा नियम लागनार नाई. त्याईचे लेकरं येतीन. हे मी आज इथी, सभागृहात सांगून राह्यलो."

आणि तो खाली बसला. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. बाईंनी मान लववली, सभापतींनी पुढच्या प्रश्नाचा आकडा पुकारला. एका पोरीचा जन्म इकडचा तिकडे झाला होता आणि त्या रिकाम्या खुर्च्यांतलं एक लाकूडसुद्धा हललं नव्हतं.

रुखमाबाई पदरात तोंड घालून रडत होती. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. कोणी निशाचे गाल ओढले, कोणी मयुरीला फोन लावा म्हणून गलका केला. वारलू मात्र जागचा हलला नाही. पोरगी गेली. नारळ फोडून, पहिल्या रांगेत बसून, आपण आपल्या हातानं ती जाताना पाहिली. पण डोळ्यांपुढे अजून एक गोष्ट उभी होती आणि ती हटायला तयार नव्हती. तो माणूस 'अभ्यास चालू आहे' म्हणून बसू शकला असता. वेळ संपली होती, घंटी वाजली होती, पाहायला कोणी नव्हतं. तरी त्यानं अर्धं मिनिट मागून घेतलं, ते स्वतःची चूक सांगायला.

झाडीत नाटकातलं एखादं काम काळजाला भिडलं, की पाहणारा उठतो, ओट्यापाशी जातो आणि नोट काढून देतो. मग चालू नाटक थांबवून माइकवरून देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव पुकारतात. नायकाला देतात तसं खलनायकालाही देतात. उलट ज्याच्या नावानं बाया बोटं मोडतात, त्यालाच कधीकधी जास्त मिळतं.

वारलू उठला. पहिल्या रांगेतून ओट्यापाशी गेला, बंडीच्या खिशातून एक चुरगळलेली नोट काढली आणि निकेशपुढे धरली. "पुकार."

"कोनाच्या नावानं, काकाजी?"

"मंत्र्याच्या."

निकेश त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला. वारलूनं माइक स्वतःच हातात घेतला. भोंगा खरखरला आणि गलका थांबला.

"आयरलँडच्या मंत्रीसायबाले टेकाडीच्या वारलूकडून बक्षीस," तो म्हणाला. त्याचा आवाज नाटकातला नव्हता. "माझं लेकरू थो नेऊन राह्यला. मी मनात म्हनत होतो, नाई म्हन बापा, नाई म्हन. त्यानं हो म्हनलं. पन शब्द माझा होता म्हनलं. उभा राहून म्हनलं. म्हनून हे बक्षीस." त्यानं टीव्हीकडे हात केला. "आन थ्या इचारनाऱ्या बाईलेबी. अर्धं अर्धं."

कोणी हसलं नाही. रुखमाबाईनं पदर खाली घेतला आणि इतक्या वर्षांच्या आपल्या नवऱ्याकडे ती नव्यानं पाहत राहिली. नोट मात्र निकेशच्या हातात तशीच राहिली. ती पोचवायची कशी, हे मंडळाच्या कोणालाच सुचेना.

माणसं पांगली. वारलू, रुखमाबाई आणि निशा समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसले. ऊन उतरलं होतं, खळ्यावर धानाचे पुंजणे, रचून ठेवलेले ढीग, पिवळेजर्द दिसत होते. निशाला एवढं कळलं होतं, की आता आईकडे जायचं.

"आबाजी, आपन कधी जाऊ?" तिनं विचारलं.

आपण. पोरीनं एवढ्या दिवसांत सगळ्यांचंच जाणं धरलं होतं, हे दोघांनाही आजच कळलं.

"जाऊ ना माय, जाऊ," रुखमाबाई घाईघाईनं म्हणाली. "पायतो ना आपन. तुह्या आईले इचारू, मंग…"

वारलूच्याही जिभेवर तेच आलं होतं. पाहू, बघू, पुढच्या साली. पोरगी खूश झाली असती, विमानात बसेपर्यंत खूश राहिली असती. त्यानं निशाला मांडीवरून उतरवून आपल्यासमोर उभं केलं.

"आपन नाई माय. तू जाशीन. एकटी तू."

"आन तुमी?"

"मी नाई येनार. आजीबी नाई येनार."

"काऊन?"

"आमाले तिथी येऊ देत नाई. आन दिलं तरी मी या मातीतून निंगत नाई."

निशानं खूप विचार केला. "मंग मले तुमची आठोन आली तं?"

"याचं उत्तर मले येत नाई," वारलू म्हणाला.

"तुमाले माझी आली तं?"

रुखमाबाईनं त्याचा हात दाबला. आता पुरे, असं ती सांगत होती. वारलूनं पोरीच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही.

"येईन. रोज येईन, आन मी रडीन," तो म्हणाला. "तरी तू जा."